कोठे शे मनी माय?

आई, तुमचा पाय घसरला नव्हता.

हे घरात फक्त मला माहीत होतं आणि तेराव्यापर्यंत मी ते तोंडातून बाहेर काढलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण जिन्याकडे बघून हळहळायचा. ज्योतीताई तुमची चप्पल उलटी करून दाखवायच्या, बघा तळ कसा गुळगुळीत झालाय, मी आईला कितीदा म्हटलं नवीन घे. दादा कळवणहून आल्यापासून बायकोबद्दल एकच वाक्य धरून बसले होते, तिची वेळ आली होती. आणि मी चहा देत होते. चहा देणाऱ्या सुनेच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, फार सोयीचं काम आहे ते.

तुम्हाला दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, नळीतून बघावं तेवढंच. बाजूचं नाही, पायाखालचं नाही. आणि त्या तेवढ्याशा दिसण्यावर तुम्ही माझी दोन वर्षांची पोर सांभाळत होतात, आणि हे माहीत असूनही मी रोज सकाळी साडेनऊला तिला तुमच्या हवाली करून गंगापूर रोडला ऑफिसात जात होते. आता म्हणा काय म्हणायचं ते.

मला सुरुवातीला काहीच कळलं नव्हतं, एवढं तरी खरं माना. ओवी सहा महिन्यांची असताना माझी रजा संपली आणि तुम्ही मळा, दादा, म्हैस सगळं थोरल्या जाऊबाईंवर टाकून इंदिरानगरला आलात. पिशवीत पहिली वस्तू काय होती, तर चांदीचे वाळे. घुंगरांचे. मी नाक मुरडलं होतं, आठवतं? म्हटलं, आई, आजकाल कोणी घालत नाही, पायाला काचतात. तुम्ही ऐकल्यासारखं केलंत आणि दुपारी मी झोपल्यावर घालून टाकलेत. मग दीड वर्ष घरभर छुमछुम. ओवी रांगायला लागली, उभी राहिली, पळायला लागली, आणि तुम्ही कांदा चिरता चिरता मान वर न करता सांगायचात, सोफ्यामागं गेली बघ. प्रशांत कौतुकानं म्हणायचा, आईला पाठीलाही डोळे आहेत. तुम्ही हसायचात.

दिवाळीच्या आधी वाळे खरंच घट्ट झाले. घोट्याला लाल वळ उठला, आणि मी तुम्हाला न विचारता सोनाराकडून कापून आणले. तुम्ही ते दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ बसलात. मला वाटलं, रुसलात. मनात म्हटलं, बसा. माझ्या पोरीच्या पायाचा निर्णय मी घेणार.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तुमचा तो खेळ सुरू झाला. तुमचं माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे लाडात आलात की अहिराणी. घरात कुठूनही हाक मारायचात, "कोठे शे मनी माय?" कुठे आहे माझी माय, आणि ओवी असेल तिथून ओरडायची, "आठे!" इथे आहे. दिवसातून पन्नास वेळा. रो-हाऊस, त्यात बिल्डरच्या कृपेनं भिंती पातळ, शेजारच्या काकूंनाही पाठ झालं. आम्ही त्याचे व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आजी-नातीचा खेळ. आई, तो खेळ नव्हता ना? तुम्ही तिला शोधत होतात.

मला कळलं ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. सकाळची वेळ, भरपूर उजेड. मी ओट्यापाशी होते आणि तुम्ही हॉलमध्ये हाका मारत होतात. ओवीनं तोंडात अख्खी चकली कोंबली होती, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तुम्ही बेडरूममध्ये जाऊन आलात. बाथरूमचं दार उघडून बादली चाचपून आलात. मग दाराची कडी बघितलीत. तुमचा आवाज चढत गेला, फाटत गेला, आणि ओवी सगळा वेळ तुमच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभी राहून तुमच्याकडे बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी. शेवटी तिनंच तुमचा पदर ओढला. तुम्ही मटकन खाली बसलात, तिला छातीशी धरलंत, आणि मी दिसले तशा म्हणालात,

"दिसलीच नाय गं मला."

कढईतल्या चकल्या काळ्या झाल्या होत्या. त्या आपण दोघींनी मिळून टाकून दिल्या आणि प्रशांतला सांगितलं की भाजणी बिघडली.

भाऊबीजेनंतर ओवीला फ्रॉक घ्यायचा म्हणून मी तुम्हाला बाहेर काढलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तुम्ही रिक्षात बसल्यापासून मला समजावत होतात, मोतीबिंदू हाय, मला माहितीये, आजून पिकला नाय, पिकला का काढू. तुमच्या गावात सगळे असंच करतात म्हणे. डोळ्यात पीक आलंय आणि कापणीला माणूस यायचाय, अशा थाटात पाच वर्षं तुम्ही वाट बघत होतात. डॉक्टरांनी मशीनमध्ये बघितलं, एका डोळ्यावर झाकण ठेवून ठिपके मोजायला लावले, आणि मला म्हणाले, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही, आत आत खातो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला रोज दोन वेळा थेंब, जन्मभर. आणि निघताना आणखी एक वाक्य बोलले, ते मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. म्हणाले, हे रक्तात उतरतं, यांच्या मुलांचे डोळे तपासून घ्या, लवकर कळलं तर थांबवता येतं.

परतताना रिक्षात तुम्ही माझा हात धरलात. तुम्ही कधी हात धरणाऱ्यातल्या नव्हे.

"प्रशांतला सांगू नको अश्विनी. मला मळ्यात धाडतील. माझ्या मायचा बी असाच पिकायचा ऱ्हायला. बारा वर्षं दारच्या ओट्यावर बसवून ठेवली व्हती तिला. कोणी बी आलं का इचारायची, कोण हाय? मला तसं नको बसवू."

मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला वाटलं असेल, सुनेला दया आली. आली होती, खोटं कशाला बोलू. पण मी कंत्राटी कारकून, जूनमध्ये मुदत संपणार, पुढे घ्यायचं की नाही ते साहेबांच्या हातात, आणि पाळणाघरात ओवी तीन दिवसांत दोनदा तापली होती. तुम्ही गेलात तर माझी नोकरी गेली. तुम्हाला ओट्याची भीती आणि मला घरी बसायची. दोघींनी मिळून झाकली मूठ केली, आणि मुठीत होती ओवी. हे मी तेव्हा असं सरळ शब्दांत म्हटलं असतं ना, तर घशाखाली घास उतरला नसता. म्हणून म्हटलं नाही.

मग आपले नियम ठरले. थेंब सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला, मीच घालायचे; कोणी विचारलं तर डोळ्यांना खाज येते. बाटली फ्रीजच्या दारात ओवीच्या औषधामागे. ओवी जागी असताना गॅस नाही. दाराला वरची कडी. गच्चीवर तिला न्यायचं नाही. तुम्ही शहाण्या मुलीसारख्या मान हलवायचात. आणि तरी ऑफिसात फाईल पुढे घेतली की मला बाथरूममधली बादली दिसायची. दुपारी दोनदा फोन, आणि तुमच्या मागून "आठे!" ऐकू आलं की श्वास सुटायचा. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कुठल्याशा गोंधळाबद्दल म्हटलं, आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, आणि मी त्यांच्यावर अशी खेकसले की आठवडाभर त्या बोलल्या नाहीत.

आपलं भांडण राहिलं आहे आई, ते आता कोणाशी भांडू? संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी लवकर घरी आले आणि बघते तर ओवीच्या कमरेला तुमची जुनी सुती साडी आणि तिचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. ती मजेत डबे वाजवत होती. तुम्ही बाजूला तीळ निवडत होतात. माझं डोकं फिरलं. काय काय बोलले मी! जनावर आहे का ती, मळ्यातलं वासरू आहे का, लोक बघतील तर काय म्हणतील. तुम्ही शांतपणे म्हणालात, मळ्यात तिन्ही लेकरं अशीच वाढवली, विहिरीच्या काठाला काम असायचं, बांधलेलं पोर जिथल्या तिथं सापडतं. मी म्हटलं, पुन्हा दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर. "मला ती सापडाया पायजे ना गं," एवढंच म्हणालात आणि गाठ सोडलीत. तीळ तसेच राहिले. त्या रागातच मी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि तुम्ही गोड बोल म्हणालात तर मी फक्त हूं केलं. मला तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले.

होळी झाल्यावर तुम्ही गहू भिजत घातलेत. कुरडयांचे. बादलीला रोज पाणी बदलत होतात, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तो आंबूस वास अख्ख्या घरात भरला. मी नाक असलेली बाई आहे आई. तिन्ही दिवस मला कळत होतं की चीक निघणार, कुरडया पडणार, आणि कुरडया गच्चीवरच वाळतात. मी म्हणू शकले असते, राहू द्या, विकतच्या आणू. तुम्ही म्हणाला असतात, विकतच्या फुलत नाहीत. मग मी म्हणायला हवं होतं, मी रजा घेते. पण मार्चअखेर, साहेबांचं तोंड, जूनची मुदत. चौथ्या दिवशी पहाटे आपण दोघींनी चीक शिजवला, साच्यातून कुरडया घातल्या, वर पसरल्या, आणि निघताना मी चप्पल घालता घालता म्हटलं, "आई, ओवीला गच्चीवर नेऊ नका हं."

"नाय नेत."

तुमचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे. आणि ते तुम्ही पाळलंत.

तीनच्या सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला. वारं सुटलं होतं म्हणे, कुरडया उडतील म्हणून तुम्ही वर गेलात आणि परात घेऊन खाली उतरताना वरून चौथ्या पायरीवरून कोसळलात. भांड्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला, आणि त्यांच्याकडचे काका गच्चीचा कठडा ओलांडून आत आले. मी पोचले तेव्हा तुम्हाला गाडीत घातलं होतं. जिनाभर कुरडयांचा चुरा. आणि बेडरूममधून सारखा आवाज येत होता, "आठे! आठे! आठे!" एवढी माणसं घरात धावत होती, तिला वाटलं सगळे तिलाच शोधतायत.

ती पलंगाच्या पायाला बांधलेली होती. त्याच साडीनं. समोर वाटीत चुरमुरे, पाण्याचा पेला, आणि बाजूला वाळ्यांचे ते दोन तुकडे खेळायला. मी रागावेन हे माहीत असून तुम्ही बांधलं होतं. ती तुमचा पदर सोडत नव्हती, स्वयंपाकघरात गेलात तर मागे, बाथरूमला गेलात तर दाराशी. मोकळी असती तर जिन्यावर तुमच्या मागेच असती, किंवा पुढे. तुमच्याखाली. मी त्या गाठीशी किती वेळ झगडत होते कोण जाणे, तुमच्या हातची गाठ मला सुटेना, शेवटी कात्रीनं साडी कापली. आई, भांडण तुम्ही जिंकलात. मला हे तुम्हाला हॉस्पिटलमध्ये सांगायचं होतं. दोन दिवस काचेपलीकडून सांगत होते, पण तुम्ही डोळे उघडले नाहीत.

दहाव्याला इथल्याच गंगेवर, घाटावर, कावळा शिवेना. ऊन चढत चाललं. दादा म्हणाले, मळ्याची काळजी करू नको. ताई म्हणाल्या, आई, मी ओवीला अंतर देणार नाही. प्रशांतनं हात जोडून म्हटलं, दादांना मी इथे आणतो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, ढिम्म. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले, धाकटीनं केलंय सगळं, तिला माहीत असेल आईच्या मनात काय होतं. मला माहीत होतं. पण तुमची इच्छा होती की मी बोलू नये, आणि माझी लाज सांगत होती की बोलू नये, आणि दोन्हींचं इतकं छान जमलं की मी खाली मान घालून उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

मी ठरवलं होतं की हे असंच तुमच्याबरोबर जाऊ द्यायचं. तेरावा झाला, पाहुणे पांगले, दादा दोन दिवसांसाठी ताईंकडे गेले. काल संध्याकाळी घरात आम्ही तिघंच होतो. प्रशांत पाणी प्यायला उठला. ओवी त्याच्या डाव्या अंगानं वाटी घेऊन पळत आली, भर ट्यूबलाइटच्या उजेडात, आणि तो सरळ तिच्यावर चालत गेला. गुडघा तिच्या तोंडावर बसला. ओठ फुटला, रक्त आलं. त्यानं तिला उचललं, घाबरा झाला, माझ्याकडे वळून म्हणाला,

"दिसलीच नाही गं मला."

आणि मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. गेल्या वर्षी गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला, तेव्हा मी हसले होते. चहा कपाच्या बाहेर ओततो, तेव्हा मी ओरडले होते, लक्ष कुठे असतं तुझं. अंधार पडल्यावर गाडी चालवायला नको म्हणतो, त्याला मी आळशी म्हणाले होते. अडतीस वर्षांचा आहे तो आई. आणि डॉक्टरांचं ते वाक्य पाच महिने माझ्याकडे पडून होतं. तुमचा शब्द पाळायचा म्हणून, माझी नोकरी टिकवायची म्हणून, मी तुमच्या लेकाचे डोळेही त्या मुठीत झाकून ठेवले होते.

ओवीच्या ओठाला बर्फ लावला. ती शांत झाल्यावर फ्रीजच्या दारातून बाटली काढली, प्रशांतच्या पुढ्यात ठेवली आणि तुम्हाला दिलेला शब्द मोडला. तुमच्या आईपासून सगळं सांगितलं. ओटा, मोतीबिंदू, रिक्षा, वाळे, खेळ, साडी, कुरडयांचा वास. संपल्यावर बाटली फिरवून फिरवून बघत त्यानं एकच विचारलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लक्ष्मीपूजनापासून."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. रागावला आहे, मला सोडणार आहे की रडणार आहे, काही कळत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही. सोमवारची डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. ज्योतीताईंना फोन करायचा आहे, कळवणला थोरल्या भाऊजींनाही. ओवीची वेळही घेतली, मागून तिचा आवाज ऐकून दवाखान्यातल्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलीला? मी म्हटलं, हो.

आज ऑफिसातून आले तर तो हॉलमध्ये जमिनीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. उजवा डोळा तळहातानं झाकलेला. समोरच्या कॅलेंडरवर नजर रोखलेली, मान अजिबात हलू देत नव्हता. ओवीला वाटलं, नवा खेळ आहे. ती हसत हसत त्याच्याभोवती फिरत होती. मी दारातच थांबले. इतक्या दिवसांत घरात कोणी ते शब्द उच्चारले नव्हते, पण त्यानं हाक मारली, अगदी तुमच्या हेलात,

"कोठे शे मनी माय?"

"आठे!" ओवी म्हणाली. ती त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभी होती.

त्यानं मान न वळवता पुन्हा विचारलं.